अक्कांनी सोडलेल्या चपला

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणापुढे उच्चारलेली नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट कळत नाही.

दुपारी डोळा लागला की अजून तो रस्ता दिसतो. सोनगीरच्या अलीकडे एसटी थांबते, तिथून आमच्या गावापर्यंतचा. वैशाखातलं ऊन, दोन्हीकडे नांगरलेली काळी शेतं, झळांमध्ये तरंगणारे कडुनिंब. आणि त्या झळांमधून माझ्याकडे चालत येणाऱ्या अक्का, माझ्या सासूबाई. कमरेखालचं काही दिसत नाही — जणू पाण्यातून येत आहेत. मग जवळ येतात, आणि पाय दिसतात.

पायांकडे नंतर येते.

माझ्या माहेरी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं आणि मला वाटलं, संपलं. पण अक्कांनीच मला पुन्हा धुळ्याच्या बसमध्ये बसवलं. स्वतः निरक्षर. पहाटे उठून माझा डबा करायच्या. माझ्या वाटचा कापूसही त्याच वेचायच्या. गल्लीतल्या बायका टोमणे मारायच्या, सून साहेबीण होणार आणि सासू भांडी घासणार. अक्का हसून म्हणायच्या, घासेन की. मी बी.ए. झाले ती त्यांच्यामुळे. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला हलकं वाटेल.

मूल इतक्यात नको, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळायच्या. बाहेर भिंतीवर लाल त्रिकोण, आणि चित्रात आई, बाप, दोन हसरी मुलं. पहिलंच मूल 'अजून नको' म्हणणारी बाई त्या चित्रात कुठे होती? सरकार म्हणायचं, मुलं थोडी हवीत. गाव म्हणायचं, पहिलं लवकर हवं. मी पाकीट पावडरच्या डब्यात लपवलं. जेवण झालं की अक्कांनी भरून ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यानं एक गोळी गिळायची. रोज.

काही वर्षं गेली. डिग्री हातात आली, मी नोकरीच्या परीक्षा देऊ लागले; बायकांसाठी राखीव जागा निघायला लागल्या होत्या. गावात माझ्यामागे कुजबुज सुरू झाली होती. एके दिवशी अक्का माझ्या केसांना तेल लावत होत्या. रागानं नाही, अगदी हळू त्यांनी विचारलं, "पोरी, तुले काही तरास शे का? जे व्हई ते माले सांग."

अशी विचारणारी सासू किती जणींना मिळते? खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं — फार तर चार दिवस बोलल्या नसत्या. पण मला वाटलं, मला बसमध्ये बसवणारा हात आता मागे जाईल. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, दोष काही नाही. आता देवीच्या हातात आहे."

तेलाचा हात थांबला. "देवीना हातमा शे ना," त्या म्हणाल्या, "मग मी मांगसू तिनापाशी."

श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाला, नदीच्या काठावर, त्यांनी चपला काढून ठेवल्या. नातवंडाचं तोंड पाहीन तेव्हाच पुन्हा घालीन, असा नवस. नवऱ्याला वाटलं, आईच्याच मनानं घेतलं. तो म्हणाला, मी सांगतो तिला गोळ्यांचं. मी त्याला माझी शपथ घातली. केसांना तेल लावताना मी जे बोलले, ते त्याला आजही माहीत नाही.

मग उन्हाळे आले. डांबर मऊ व्हायचं आणि त्यावरून अक्का चालायच्या. टाचांना भेगा, भेगांत रानातली काळी माती. संध्याकाळी मी कोमट पाण्यानं ते पाय धुवायची, एरंडेल चोळायची. बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. आणि जेवण झाल्यावर, त्याच हातानं — मी गोळी घ्यायची.

नोकरी लागली. गोळ्या बंद केल्या. मुलगी झाली. मुलगी म्हणून कुणी तोंड वाकडं करायच्या आत अक्कांनी घरोघर पेढे वाटले. नवऱ्यानं नव्या चपला आणल्या, पण पाय इतके पसरले होते की त्या चढेनात. अक्का हसत सुटल्या.

त्याच दिवशी शेजारची रत्ना आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. तिनं बाळाला डोळे भरून पाहिलं, अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग मला विचारलं, "वहिनी, देवीनीच दिधी ना हाई?"

अक्का माझ्याकडे पाहत होत्या. किती आनंदानं.

मी म्हणाले, "हो."

आमच्या उंबऱ्याशी काढलेल्या चपला रत्नानं परत घातल्या नाहीत.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. रत्नाला मूल झालं नाही. परवा ती धुळ्याच्या स्टँडवर दिसली. केस पांढरे झालेले, वर टळटळीत ऊन. पायात काही नव्हतं. मी सावलीत उभी होते. तिला हाक मारली नाही.