माहेरचं ऑडिट

रेणुकाताईंना राग आला की त्या काही बोलत नाहीत. पंचिंग मशीन ओढतात आणि कागदांना भोकं पाडत बसतात. या जुलैत आमच्या ऑफिसातला एकही कागद त्यांच्या तावडीतून सुटला नाही, आणि त्याला कारण होती अपेक्षा.

अपेक्षा लोणावळ्याची, चिक्कीच्या दुकानदाराची मुलगी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला कॉलेजने महिनाभर कुठेतरी काम शिकून यायला सांगितलं, म्हणून ती तळेगावात आमच्या सीए सरांकडे आली. पोरगी हुशार आणि गोड. येताना रोज चिक्कीचा पुडा आणायची. ताईंनी त्याला कधी हात लावला नाही. मी खाल्ली म्हणून माझ्याशीही दोन दिवस अबोला धरला. मी तरी काय करणार, चिक्की चांगली होती.

ताई आंदर मावळातल्या. लग्न होऊन तळेगावात आल्या. नवरा कारखान्यात, पदरात दोन मुलं, सासूचं दुखणं, या सगळ्यातून त्या बाहेरून बी.कॉम. झाल्या. कॉम्प्युटर शिकल्या तो सरांची बोलणी खात. आणि या पोरीला तेच सर शेजारी खुर्ची ओढून समजावत होते, वर "शाबास" म्हणत होते. प्रत्येक शाबासकीला ताई माझ्याकडे बघायच्या. जळफळाट नुसता!

पण खरा भडका उडाला तो दूध डेअरीवरून.

ताईंच्या माहेरच्या दूध सोसायटीचं ऑडिट आमच्याकडे आहे. दरवर्षी जुलैत सर गाडी घेऊन तिथे जातात, सोबत ताई. त्या दिवसाची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. इस्त्रीची साडी, नवी पर्स, चष्म्याची काच पुसपुसून लख्ख. गाडी थेट डेअरीच्या दारात थांबते. चेअरमन स्वतः खुर्ची पुसतात आणि म्हणतात, "बसा मॅडम." ज्या गावात ताई शेणाच्या पाट्या वाहत मोठ्या झाल्या, तिथे त्या खुर्चीत आणि सख्खा भाऊ हनुमंत दाराशी उभा. डेअरी त्याच्या घराला लागूनच, त्यामुळे चहा तिथूनच येतो, फुलाफुलांच्या कपबशीत. एरवी ताई माहेरी पाऊल टाकत नाहीत. आई गेल्यावर कोण आहे तिथे, म्हणतात. तो एक दिवस त्यांना वर्षभर पुरतो.

यंदा सर म्हणाले, "रिटर्नची तारीख डोक्यावर आहे, रेणुकाताई. ऑफिस तुम्ही सांभाळा. डेअरीला मी अपेक्षाला नेतो, तिलाही ऑडिट बघायला मिळेल."

"बरं सर," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पंचिंग मशीन ओढलं.

त्या दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. अपेक्षा त्याच खुर्चीत, आणि ताईंची भावजय अनिता तिला कुंकू लावत होती. ताईंनी फोटो बोटांनी मोठा केला.

"कप बघ तिच्या हातात. माझ्या आईचा आहे तो. फक्त मला देतात."

संध्याकाळी अपेक्षा नारळ घेऊन परतली. "ताई, काय माणसं आहेत! मला जमिनीवर बसूच देईनात."

"माझी आठवण काढली का कुणी?"

"हो तर. निघताना विचारलं, त्या मॅडम नाही आल्या का?"

"मॅडम म्हणाले? रेणी नाही म्हणालं कुणी?"

अपेक्षाला काही कळलं नाही. ती गेल्यावर ताई माझ्यापाशी आल्या. "मला वाटायचं, खुर्ची मला देतात. ती ऑफिसची होती गं. इथून कुत्रं पाठवलं असतं तरी त्याला कपबशी दिली असती. त्या पोरीने एका दिवसात माझं माहेर नेलं. बघवत नाही मला ती." त्यांना रडू फुटलं.

रविवारी ताई कुणाला न सांगता एसटीने माहेरी गेल्या. सोमवारी ऑफिसला आल्या त्या अंगावर अनितावहिनीची साडी, नखांत चिखल आणि खुर्चीत बसताना "आई आई गं". जेवायच्या सुट्टीत मला सगळं ऐकवलं.

घराला कुलूप होतं. खाचरात भाताची आवणी चाललेली, भाऊ-भावजय गुडघाभर चिखलात. ताई इस्त्रीच्या साडीत बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. आता खुर्ची येते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

हनुमंताने मान वर केली. "रेणे? कशी आलीस गं?"

"यष्टीनं."

"बरं," म्हणून तो पुन्हा खाली वाकला. ना खुर्ची, ना चहा. ताई परत फिरणार तेवढ्यात वहिनीने भाताच्या रोपांची जुडी त्यांच्या पायाशी फेकली.

"उभ्या काय ऱ्हायला वन्सं? साडी खोचा आन् या खाली. बाया कमी हायेत आज."

ताई उतरल्या. अंधार पडेपर्यंत लावणी केली. हात विसरले नव्हते म्हणाल्या, कंबर विसरली होती.

"एवढं झालं तरी मला राहवेना," ताई म्हणाल्या. "जेवताना वहिनीला विचारलंच, त्या पोरीला आणलं होतं का गं खाचरात? तिला दिली होती जुडी?"

"मग?"

"म्हणाली, 'येड्या का खुळ्या, वन्सं? पाव्हनीला कोन चिखलात उतरवतं? तिला आपली खुर्ची द्यायची, च्या पाजायचा आन् वाटंला लावून द्यायचं.'"

तेवढ्यात अपेक्षा डबा घेऊन आमच्याकडे आली. ताई कंबर धरून उठल्या. शेजारची खुर्ची त्यांनी पदराने स्वच्छ पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या.

अपेक्षा बिचारी लाजली, आणि बसली.