आधी कॉलर

'कडकबाई' हे नाव तिला लॉन्ड्रीतल्या बायकांनी ठेवलं होतं, आणि ते काही नुसतं इस्त्रीवरून नव्हे. बावीस वर्षं एकाच टेबलाशी उभी राहिलेली बाई. पायाच्या शिरा फुगल्या, पण जीभ काही मऊ पडली नाही. नव्या शाखेची मुख्य कोण, असं निघालं तेव्हा मालक म्हणाला, "पदवी असती तर तुम्हालाच केलं असतं हो." आणि त्याचा भाचा, ज्याला रेशीम कुठलं नि सुती कुठलं कळत नाही, तो म्हणे पदवीधर, म्हणून जागा त्याला! बाईचं टाळकंच सरकलं. पन्नाशीला टेकलेली ती संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन बसली. आता शेवटचं वर्ष, आणि शेवटचा एक निबंध उरला होता.

विषय होता एक आधुनिक ब्रिटिश नाटक. त्यातली आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करते. सर अगदी भारावून सांगायचे, "नाटककार स्वतः कामगाराच्या घरातला. इस्त्रीच्या टेबलाशी वाढलेला. हा कष्टकऱ्यांचा स्वतःचा आवाज आहे!"

दुसऱ्या अंकात आई साहेबाच्या शर्टाला इस्त्री करते. आधी पाठ, मग छाती, मग बाह्या, आणि शेवटी कॉलर करताना रडते. कडकबाईने पुस्तक आपटलं. कॉलर शेवटी? कॉलरसाठी शर्ट उलटापालटा केला की झालं पाठीचं मातेरं! आधी कॉलर, मग बाह्या, अंग सगळ्यात शेवटी. हे कामावर पहिल्या दिवशी शिकवतात.

तिने निबंधात लिहिलं, 'या माणसाने इस्त्री कधी हातात धरलेली नाही. आई मरमर मरत होती आणि हा बसून बघत होता. टेबलाशी वाढला असेल, पण टेबलाखाली.'

निबंध परत आला तो लाल शाईचा शेरा घेऊन. 'पुराव्याशिवाय विधान. शनिवारपर्यंत पुन्हा लिहा, अन्यथा नापास.'

"सर, बावीस वर्षं मी हेच करतेय."

"बाई, अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. प्रस्तावना वाचा. आणि उगाच चिडू नका."

चिडू नका म्हणे! कष्टकरी बाईचं पुस्तकात ऐकायचं, ती समोर उभी राहिली की तिला गप्प करायचं. बाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सरांचे शर्ट याच लॉन्ड्रीत यायचे. कॉलरच्या आतली शाईची खूण बाईच्याच हातची होती. गुरुवारी त्यांचा पांढरा शर्ट टेबलावर आला. तिने नाटक समोर उघडं ठेवलं आणि त्यात लिहिलेल्या क्रमाने इस्त्री फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने जाणूनबुजून काम बिघडवलं.

शनिवारी तिने तोच निबंध, एक अक्षर न बदलता, शर्टाला टाचणीने लावून दिला.

"हे काय? माझा शर्ट? पाठ किती चुरगळली आहे!"

"नाटकात आहे तश्शीच इस्त्री केलीय, सर. पुरावा मागितला होतात ना?" तिचा आवाज चढला. "असला शर्ट त्या आईने साहेबाला दिला असता तर दुसऱ्या दिवशी कामावरून गेली असती. तिच्या पोराला एवढंही ठाऊक नाही. आता करा नापास!"

सरांनी शर्ट दोनदा उलटून पाहिला. मग स्वतःचा शेरा खोडला आणि वीसपैकी चौदा गुण लिहिले.

"सहा कशाचे कापले?" कडकबाईने विचारलं.