डबा पुसायचा नाही

माझ्या आईचा शून्यावर विश्वास नाही. गणपतीला मोदक एकवीस, मारुतीला प्रदक्षिणा अकरा, आणि आहेराच्या पाकिटाला वर चिकटवलेला एक रुपया. दहा, वीस, पन्नास हे आकडे तिच्या लेखी अर्धवट. वर एक टाकल्याशिवाय काम पुरं होत नाही. त्यामुळे कोपरखैरण्याच्या जिममध्ये पहिल्याच दिवशी ट्रेनरने "आजी, दहा वेला बसा-उठा" असं सांगितलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी तेव्हा शेजारी माझ्या स्वतःच्या गुडघ्यांची समजूत काढत होते.

आम्ही दोघी जिममध्ये गेलो त्याला कारण गावची जत्रा. आम्ही साताऱ्याकडचे. बाबा इथे मार्केटला माथाडी होते. ते गेल्यावरही आईने जत्रा कधी चुकवली नाही. त्या वर्षी देवळाच्या मंडपात पुरणपोळीची पंगत बसली. आई पोटभर जेवली आणि उठायला गेली, तर उठता येईना. एकदा प्रयत्न केला, परत खाली. शेवटी दोन पुतण्यांनी काखेत हात घालून तिला उभी केली. शेजारी तिची थोरली जाऊ होती. ती म्हणाली, "पुढल्या वर्साला तुला खुर्ची मांडू गं." थोरल्या जावेच्या बोलण्यात माया किती आणि टोमणा किती, हे ठरवायला वकील लावावा लागतो. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत रोज वकील बघते, त्यांनाही जमणार नाही.

 परतीच्या वाटेवर घाटातला बोगदा ओलांडल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बापानं जन्मभर पोती उचलली. आज मीच पोतं झाले."  गाडी चालवता चालवता मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "पुढे बघ." मग खिडकीकडे तोंड करून तिने जाहीर केलं की पुढच्या जत्रेत ती खालीच बसणार आणि कुणाचाही हात न धरता उठणार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करा, पण हळूहळू आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली.

देखरेखीला मिळाली ती जिमची ट्रेनर, शेजारच्या बोनकोडे गावातली, इथलीच मूळची एक मुलगी. जिम तिच्या वडिलांच्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. आमच्या सोसायटीचा विषय निघाला की ती हसून सांगायची, "काकू, तुमची सोसायटी आमच्या शेतावर हाय." शेताचं ठीक आहे, पण ती आईला आजी म्हणे आणि मला काकू, याचा मला जास्त राग होता. मॅडम म्हण, असं एकदा सुचवून पाहिलं. ती "हो काकू" म्हणाली.

किती वेळा उचलायचं, हा प्रश्न इतका मोठा असेल असं मला आधी वाटलं नव्हतं. माझा नवरा ऐरोलीला कंपनीत बसून व्हिडिओ बघतो. त्याने फोनवरूनच निर्णय दिला, "पाच. जड उचलायचं आणि पाचच रेप्स. स्ट्रेंथ त्यानेच येते." हा माणूस घरात रिमोटपेक्षा जड काही उचलत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं उलटं. हलकं घ्या, तीस-तीस करा, हाडांना टेन्शन नको. आणि आमच्या मातोश्रींचं स्वतःचं शास्त्र होतंच.

ट्रेनरने दहा सांगितले. बाकावर टेकायचं आणि उठायचं, हातात काही नाही. आईने अकरा केले. ट्रेनर दुसऱ्या बाईकडे वळली. आईला वाटलं, हे तर काहीच नाही, पोरगी आपल्याला म्हातारी समजून सूट देतेय. मग तिने एकवीस केले. माझं लक्ष जाईपर्यंत तिची पदराने घाम पुसण्याची वेळ आली होती आणि चेहऱ्यावर नवस फेडल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून हाक आली. कमोडवरून उठता येत नव्हतं. मी दोन्ही हात दिले आणि तिला उभी केली. उठताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जे टाळायला गेलो होतो तेच घरात, तेही रोज सकाळी, होऊन बसलं. मांड्या मोकळ्या व्हायला तीन-चार दिवस गेले. मग ती म्हणाली, "आता पुरे. सांग तुझ्या त्या पोरीला, खुर्ची काही वाईट नसते."  आई रुसली तर मी समजूत काढू शकते. तिने हार मानलेली मला बघवत नाही.

ट्रेनर संध्याकाळी घरीच आली. आई ओट्यापाशी रात्रीच्या भाताचे तांदूळ घेत होती. ट्रेनर तिथेच कट्ट्याला टेकली.

"आजी, मी दहा बोलले, तुमी येकवीस केले. कोनी सांगितलं?"

"तू सांगितलेले सोपे होते," आई म्हणाली.

"सोपेच पायजेत पयल्यांदा. नव्या मानसाला आठ ते बारा बरे. पाचमधी वजन जड लागतंय, मंग मानूस आंग वाकडं करून कसंबी उचलतो. तीसमधी ध्यान उडतंय. शेवटच्या दहात गुडगा कुटं चाललाय ते त्याला पन कलत नाय. आठ-बारामधी शिकाया पुरते होतान, आनि दमाया पुरते पन."

"मग दहा की बारा, एक काय ते सांग ना."

"आकडा मागून येतो, आजी. आदी मना सांगा, थांबलात तवा आजून किती निगाले आसते? दोन निगाले आसते, तर बरोबर थांबलात. येक पन निगाला नसता, तर जास्ती झालं."

आईचा हात तांदळाच्या डब्यात होता. तिने वाटीभर तांदूळ काढले, तळाशी राहिलेले बोटांनी जरा चाचपले आणि तसेच ठेवले. घरात नवं पोतं आलेलं असो वा नसो, आई डबा तळापर्यंत कधी रिकामा करत नाही. तळाला मूठभर ठेवायचंच. आमच्याकडे तांदूळ संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. आणि मूठभर का, तर अवेळी कुणी दारात आलं तर त्याच्या पानात घासभर पडायला हवा. लहानपणी मी खरवडून काढायला गेले की हातावर चापट बसायची.

"म्हणजे डबा पुसायचा नाही," आई म्हणाली.

ट्रेनरला क्षणभर कळलं नाही. आईने डबा तिच्यासमोर तिरका केला. तिने आत डोकावून पाहिलं आणि खळखळून हसली. "आमची आई पन आसंच करते. मंग येवडं समजतंय तर येकवीस कशाला केले?"

"दहावर थांबवत नाही गं मला."

"मंग आकरा करा. आकरा पन आठ ते बाराच्या मदीच हाय. फक्त दोन डब्यात ठेवा."

अशी तडजोड झाली, आणि माझ्या माहितीप्रमाणे आईने आयुष्यात केलेली ही दुसरी तडजोड. पहिली म्हणजे मला नोकरीला जाऊ देताना.

त्यानंतर आई शहाण्यासारखी वागली असं म्हणता येणार नाही, पण डबा तिने पाळला. मधूनच थांबायची, डोळे मिटायची, आत काहीतरी चाचपायची, आणि म्हणायची, "आहेत दोन." एखाद्या दिवशी झोप नीट झालेली नसली की नवाला थांबायची आणि तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. बारा होऊनही आत बरेच शिल्लक आहेत असं वाटलं की ट्रेनर जरा जड डंबेल द्यायची आणि पुन्हा आठावर आणायची. आठ हा आकडा आईला पसंत नव्हता, म्हणून तिथे नऊ. बाकावरून ती कमी उंचीच्या ठोकळ्यावर आली. दसऱ्यानंतर आईने घरून देवघरातला पाट आणला, पिशवीत घालून, आणि त्यावर बसून उठायला लागली. एका हाताने डंबेल मागे ओढायचा व्यायाम तिला सगळ्यांत आवडायचा. म्हणायची, विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं वाटतं.

सकाळच्या बॅचमध्ये मग तो शब्दच झाला. कुणी दात-ओठ खाऊन उचलायला लागलं की ट्रेनर लांबूनच म्हणायची, "डबा, ताई, डबा." माझ्याशी मात्र तिचं वेगळं चाले. मी दहा करून हुश्श करत बसले की ती जवळ यायची. "काकू, तुमचा डबा भरलेलाच हाय. झाकन पन उगडलं नाय." हे सगळ्यांसमोर. आई आरशात बघून हसायची. मीही हसायचे. सकाळी सकाळी आपली आई आरशात हसताना दिसणं हे सुख मला कुठल्याही आकड्यात मोजता यायचं नाही, आणि मी आहे सरकारी नोकर, मोजण्यातच हयात गेली.

जत्रा आली. मंडपात खुर्ची खरंच मांडलेली होती, लाल प्लास्टिकची, पंगतीच्या टोकाला. थोरल्या काकूंनी, म्हणजे आईच्या त्याच जावेने, हाक मारली, "ये, तुझ्यासाठी ठेवलीया."

"पाण्याची कळशी ठेवा आक्का तिच्यावर," आई म्हणाली आणि त्यांच्या शेजारी पत्रावळीपुढे मांडी घालून बसली.

माझं जेवणात लक्ष नव्हतं. पुरणपोळीवर तूप कुणी वाढलं तेही मला आठवत नाही. पंगत उठायला लागली. पुतणे लांबून निघालेच होते. आईने मांडी सोडली, एक पाय खाली घेतला, गुडघ्यावर हात टेकला, पुढे झुकली आणि उभी राहिली. पुतणे येऊन पोचले तेव्हा ती पदर सारखा करत होती. माझे डोळे भरून आले. मी पत्रावळी गोळा करण्याचं नाटक केलं.

थोरल्या काकू अजून खालीच होत्या. त्यांनी एकदा रेटा देऊन पाहिला आणि परत टेकल्या. मग पदराशी चाळा करत, आपल्याला जणू घाईच नाही असं दाखवत, इकडेतिकडे बघायला लागल्या. आईने ते पाहिलं. मी वर्षभर या घटकेची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. त्या खुर्चीबद्दल एक वाक्य, फक्त एक, माझ्या जिभेवर तयार होतं.

आईने जिममध्ये घ्यायची तसं पायांत अंतर घेतलं, वाकून हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाली, "या आक्का." काकूंनी एका हाताने खांब धरला, दुसरा आईच्या हातात दिला. आईचं कोपर मागे गेलं, पोहरा ओढताना जातं तसं, आणि काकू उभ्या राहिल्या. आसपासच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकूंनी आईचा दंड चाचपून पाहिला. "काय खातीस गं?"

"भात," आई म्हणाली.

माझं वाक्य जिभेवरच विरघळलं. हात धुवायला नळाकडे जाताना मी आईला विचारलं, "अगं, दम नाही लागला? तू उठलीस, वर त्यांना ओढलंस."

"दोन शिल्लक होते," आई म्हणाली. "एक आक्कांना दिला. एक अजून आहे."