येलदरीकडं फिरवा!

परवा नाताळच्या सुट्टीत मी उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत टीव्हीसमोर बसलो होतो. परदेशातला कुठलासा नाताळ चालू होता. पडद्यावर बर्फ पडायला लागला आणि माझा हात शेंगेवरच थांबला.

लहानपणी या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं बोरीला काकांकडे जायचो. त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर एरवी खतं आणि फवारणी, पण नाताळात दुपारी काहीतरी खास लागायचं. त्या दुपारी शेंगांचं पातेलं मध्ये ठेवून आम्ही बसलो होतो. पडद्यावर टोप्या घातलेली गोरी पोरं गात होती आणि अचानक सगळीकडे पांढरे ठिपके झाले.

"काका, मुंग्या आल्या!"

काका लगेच माळवदावर चढून अँटेना फिरवू लागले.

"आलं का?"

"न्हाई! लय मुंग्या हायेत! येलदरीकडं फिरवा!"

येलदरीची दिशा झाली, जिंतूरची झाली. काकू अंगणातून ओरडत होत्या, "अवो, पडताल की!" तेवढ्यात चित्र एकदम स्वच्छ झालं.

"आलं! आता हलू नका!"

कार्यक्रम संपेपर्यंत काका उन्हात अँटेना धरून उभे होते.

त्या मुंग्या नव्हत्या, बर्फ होता, हे मला परवा कळलं. हसत हसतच काकांना फोन लावला आणि सांगितलं.

"आसंल की बर्फ," काका म्हणाले. "पण थांबवला कुणी?"