नरोलीची विहीर आणि नलिनीताई

नलिनीताई गेल्याचं मला आमच्या धाग्याच्या कारखान्यात कळलं. सिल्वासातल्या आमलीत मी आणि त्या एकाच सोसायटीत राहायचो. वॉचमनचा फोन आला, "साहब, टीचरजी नहीं रहीं." मागे यंत्रांचा आवाज होता म्हणून मी त्याला पुन्हा सांगायला लावलं... आणि त्यानं तेच पुन्हा सांगितलं. त्याला आता काही आठवडे झाले. एवढ्या अवधीत त्यांच्याविषयी इतकं गोड गोड बोललं गेलंय की ऐकून त्या चिडल्याच असत्या. म्हणून हे लिहितोय.

मी पुण्याहून नोकरीसाठी सिल्वासाला आलो तेव्हा त्या इथल्या शाळेत इतिहास शिकवत होत्या. मूळच्या नाशिकच्या. यजमान लवकर गेले, तरी परत फिरल्या नाहीत. एका रविवारी चहा पिताना मी सहज म्हणालो, "ताई, होऊन गेलेलं उकरून काय मिळतं हो?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्याकडे धागा सारखा तुटायला लागला तर काय करता?" म्हटलं, ऑपरेटरला विचारतो, आधीच्या पाळीतल्या माणसाला विचारतो. "दोघं एकच सांगतात?" कधीच नाही, मी म्हणालो, जो तो स्वतःला वाचवतो, मग तुटलेला धागा बघायचा, यंत्र उघडायचं. "आणि एवढं केलंच नाही तर?" मी म्हणालो, "तर बोलायला जो कच्चा, त्याच्या माथी दोष जातो." ताई म्हणाल्या, "मग मी वेगळं काय करते?"

पुढे जवळच्या नरोली गावात रस्ता रुंद करायचं निघालं आणि वाटेतली जुनी दगडी विहीर बुजवायचं ठरलं. तिला 'साहेबाची विहीर' म्हणत. कुणा पोर्तुगीज साहेबानं गावावर उपकार म्हणून बांधली, असं सगळे सांगायचे. ताईंना ते पटेना. सुट्टीच्या दिवशी त्या मला गाडी काढायला लावायच्या. गावात जमनीबाई नावाच्या वारली आजी भेटल्या. "साहेबाने हुकूम दिला," त्या म्हणाल्या, "दगड आमचे आजीने वाहिले. मजुरी नाय दिली." मला वाटलं, झालं काम. ताई म्हणाल्या, "एकीनं सांगितलं, एवढंच झालंय." मग त्या दूरच्या पाड्यांवर गेल्या, जमनीबाईंना न ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांना तेच विचारलं; त्यांच्याही घरच्या बायकांनी फुकटच दगड वाहिले होते. दगड कुठल्या खाणीतला ते हुडकलं, त्या खाणीपासून विहिरीपर्यंत उन्हात चालत आल्या. जुन्या सरकारी कागदांत साहेबाचं कौतुक होतं, मजुरांचा उल्लेखही नव्हता. "कागद लिहिणाऱ्याला त्या बायका दिसल्याच नसतील," मी म्हणालो. "किंवा दिसूनही लिहायच्या नसतील. आपल्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणायचं."

विहीर वाचावी असं वाटणारे गावातले एक पुढारी त्यांच्या घरी आले. मीही तिथेच होतो. "बेन, तुम्ही फक्त एक वाक्य बोला. पोर्तुगीजांविरुद्धच्या मुक्तिलढ्याची हत्यारं या विहिरीत लपवली होती. मग हात लावायची कोणाची हिंमत नाय."

"कशावरून?"

"आता ते कोण तपासणार?"

"मी," ताई म्हणाल्या. ते तणतणत गेले. मलाही राग आला. एका वाक्यानं विहीर वाचणार होती, आणि तसं मी त्यांना म्हटलंही. "वाचेल," त्या म्हणाल्या. "आणि जमनीबाईंच्या आजीचे दगड पुन्हा दुसऱ्याच्या नावावर जातील. आधी साहेबाच्या, आता या गोष्टीच्या. माझ्या हातून नाही जायचे."

जेसीबी आला त्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्या छत्री घेऊन आधीच तिथे उभ्या होत्या. चालवणाऱ्या भय्याला थांबवून त्यांनी विहिरीची मापं घेतली, पायऱ्यांचे फोटो काढले. मग स्वतःच बाजूला झाल्या. विहीर बुजली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी जमनीबाईंना वर्गात खुर्चीवर बसवलं आणि मुलांना म्हणाल्या, "विचारा काय विचारायचं ते." वरिष्ठांनी बोलावून समज दिली, विषयाला धरून शिकवा. ताई म्हणाल्या, "हाच विषय आहे." जमनीबाई थकेपर्यंत दरवर्षी वर्गात येत राहिल्या.

परवा शोकसभा झाली. एका वक्त्यानं रंगवून सांगितलं, नलिनीताई जेसीबीपुढे आडव्या पडल्या होत्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी उभा राहिलो. "नाही पडल्या. मी तिथे होतो."

"अहो, गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलतोय ना आम्ही?"

"विहीर गेली, तरी त्या खोटं बोलल्या नाहीत. याहून चांगलं काय सांगणार तुम्ही?" माझा आवाज चढला होता. तो खाली आणायची मला गरज वाटली नाही.

सभा संपल्यावर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. आता ती दादऱ्याच्या एका कंपनीत नोकरी करते. मला वाटलं, सांत्वन करायला आली असेल. तिनं विचारलं, "काका, त्या दिवशी विहिरीवर तुमच्याशिवाय अजून कोण होतं?"

मी तिला जेसीबीवाल्या भय्याचा पत्ता दिला. रविवारी ती त्याला भेटायला जाणार आहे.