भिंतीतले दहा ओहम

"त्या इस्त्रीले हात लावून तं पाहा, मालक! लावाच हात!"

आमची शेजारीण मीटरआत्या ओरडत होती. आमची वाडीतली सहा खोल्यांची रांग अमरावती रोडपासून चांगली दोन गल्ल्या आत; तरी तिचा आवाज रोडवर पोचला आणि चार ट्रकांनी आपणहून ब्रेक लावले. पाचवा ट्रक लावणार होता, पण त्याचे ब्रेक आधीच गेलेले होते.

घरमालक वंदनाबाईंच्या उंबऱ्यावर थिजले. वंदनाबाई शेवटच्या खोलीत राहायच्या आणि गोदामांतल्या लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरायच्या. त्यांची इस्त्री लागली की सगळ्या रांगेतले दिवे मिणमिणायचे, मालकांच्या मीटरजवळच्या भिंतीतून जळका वास यायचा. मालकांचा निकाल तयार होता: इस्त्री खराब आहे, तीच लाइन जाळते. एक तर इस्त्री बाहेर, नाही तर बाई बाहेर. वंदनाबाईंसाठी दोन्हीचा अर्थ एकच होता.

"मोजलं काय?" आत्यानं विचारलं.

हा तिचा ठरलेला प्रश्न. कुणी म्हणालं, आज ऊन फार आहे, "मोजलं काय?" कुणी म्हणालं, बायको फार बोलते; "मोजलं काय?" बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, हिच्या पर्समध्ये मीटर. एक तारांच्या टोकांनी व्होल्टेज दाखवणारा, दुसरा चिमट्यासारखा, वायरला मिठी मारून आतला करंट सांगणारा. एका लग्नात तिनं मांडवाची लाइन मोजली आणि अंतरपाट धरलेला असताना डीजेचं कनेक्शन उपटलं. वऱ्हाडी खवळले. "वायर ऊन झाली होती," ती म्हणाली, "आता लावा लग्न." त्या जोडप्याचं आजतागायत भांडण नाही, असं मी तरी सगळ्यांना सांगतो.

माहेर उमरेडचं, घर विणकरांचं. बाप मागावर बसायचा आणि ही लहानपणी बोटांनी तुटका धागा शोधून द्यायची. पुढे मागाचं काम राहिलं नाही. आत्या आयटीआयला गेली, वर्गात एकटी मुलगी. मग कळमन्याच्या एका शीतगृहात तीस वर्षं मोटारी आणि वायरिंग सांभाळलं. "धागा काय अन् तार काय," ती म्हणायची, "तुटते तिथंच तुटते. आपण भलतीकडेच पाहून राहतो."

तर त्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, तिनं आम्हा सगळ्यांचे पंखे आणि कूलर बंद करायला लावले. मोजताना लाइनवर फक्त इस्त्री हवी होती. दहा मिनिटांत मी तीन किलो वाळलो. कुणाची कुरकुर झाली की आत्या नुसती वळून बघायची.

इस्त्री चालू ठेवून तिनं मीटरपाशी व्होल्टेज घेतलं: दोनशे तीस. वंदनाबाईंच्या खोलीत घेतलं: एकशे नव्वद. वायरला चिमटा लावला: चार अँपिअर. मग भिंतीवरच खडूनं हिशोब मांडला.

"आधी इस्त्री पाहू. एकशे नव्वद भागिले चार. साडेसत्तेचाळीस ओहम. एवढ्या मोठ्या इस्त्रीचा अडथळा एवढाच असते. इस्त्री चांगली आहे, वं वंदना, रडू नोको."

मालक म्हणाले, "मंग दिवे काहून मंद होते?"

"ते सांगून राहिली न! रस्त्यात चाळीस व्होल्ट गायब आहे. चाळीस भागिले चार, दहा ओहम. हे दहा ओहम तुमच्या भितीत आहे, मालक. अन् चाळीस गुणिले चार, एकशे साठ वॅट. चाळीसचे चार बल्ब भितीत गाडून वरून प्लास्टर मारलं, समजा. वास येईन नाही तं काय!"

"आमच्या भितीत ओहम-बिहम काही नाही," मालक छाती काढून म्हणाले. "मजबूत काम आहे."

मग आमच्याकडे पाठ करून हळूच म्हणाले, "आत्या, चाळीस नका म्हणू, वीस व्होल्ट म्हणा. अर्धा दोष इस्त्रीचा, अर्धा वायरचा. वरची हवेशीर खोली तुम्हाले देतो."

हे आम्हाला ऐकू यायचं काही कारण नव्हतं. पण आत्यानं उत्तर तिच्या नेहमीच्या आवाजात दिलं, त्यामुळे ते वाडीत सगळ्यांना समजलं, आणि वारा बरा असेल तर खापरखेड्यातही समजलं असावं. "चाळीसचे वीस म्हणू, अन् तुम्ही वरची खोली देता? तिथली वायर कोनं टाकली?"

मी छिन्नी आणली. वासाच्या जागी तिसऱ्याच घावाला प्लास्टर पडलं. आत तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली. टेप वितळून कोळसा झालेला, पाइप काळाठिक्कर. आणखी एक उन्हाळा, आणि रांगेतल्या सहाही खोल्या पेटल्या असत्या. वंदनाबाईंनी त्या भोकात बघितलं आणि पुढचा शर्ट घेतला.

आठवड्यात नवी वायर पडली. वंदनाबाई राहिल्या. आत्याला मात्र महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. मालकांच्या भाच्याला हवी होती म्हणे. तो भाचा मी अजून पाहिलेला नाही. आम्ही पाच खोल्या मिळून भांडायला निघालो, तर तिनं अडवलं. वंदना इथंच राहणार आहे, तिच्या डोक्यावर नवं भांडण नको, म्हणाली.

टेम्पोत तिचं कपाट चढवताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, वीस म्हटलं असतं तर वरच्या खोलीत असता आज."

तिनं दोरीची गाठ ओढून पाहिली.

"चाळीस होते, गा," ती म्हणाली.