बापाचं पान

भागी गेली हे मला महाडच्या बाजारात कळलं. उमरठची एक बाई पडवळं निवडता निवडता म्हणाली, "तुझी भागी गेली गो. तापाचं निमित्त झालं." मला रडू आलं नाही... राग आला. कित्येक आठवडे झाले, अजून तो उतरलेला नाही.

उमरठला आमची घरं शेजारी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत भागी विधवा होऊन बापाकडे परत आली. पुढे तिचे वडील, आमचे तात्या, लुळे पडले. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं सगळं तिनं एकटीनं केलं. चुलतभाऊ गणपत मुंबईला गिरणीत होता. तात्या होते तोवर तो फिरकला नाही. तात्या गेल्यावर मात्र दर सर्वपित्री अमावस्येला हजर! पितरांचं पान पुरुषानंच ठेवायचं ना... भागीनं पहाटेपासून वडे, खीर, भोपळ्याची भाजी करायची आणि पान ठेवायचं गणपतनं.

एका वर्षी जेवायला बसलेल्या भटजींना तिनं विचारलं, "ही चाल पडली कशी ओ?" त्यांनी हौसेनं सांगितलं. एका दानशूर योद्ध्यानं जन्मभर सोनं वाटलं, पण पितरांना कधी घास घातला नाही. आपले पितर कोण हेच त्याला ठाऊक नव्हतं. स्वर्गात त्याच्या ताटात सोनंच वाढलं गेलं. तेव्हा पितरांना जेवू घालायला त्याला पंधरा दिवस पृथ्वीवर धाडलं. तोच हा पंधरवडा.

भागीचा वाढता हात थांबला. "ज्याला बापच ठाऊक नव्हता त्याला चाललं. मला माझा बाप ठाऊक हाय, तर मला नाय चालत?"

भटजींनी खिरीसाठी वाटी पुढे केली. गणपत खेकसला, "वाढ गपचूप."

पुढल्या वर्षी तिनं स्वतःच कुंपणापाशी पान ठेवलं. मी तेव्हा माहेरी होते. गणपतनं ते लाथेनं उडवलं. ती आत गेली, दुसरं वाढून घेऊन आली. त्यानं तेही उडवलं. पातेल्यातली खीर संपेपर्यंत ती आणत राहिली. ओट्यांवरून सगळी आळी बघत होती. त्यानंतर शेजारणी तिच्याकडचं विरजणही नेईनाशा झाल्या.

आणि तिच्या दहाव्याला पिंड ठेवायला कोण? गणपतच. कावळा शिवेना. सगळे ताटकळले. गणपत हात जोडून म्हणाला, "भागे, काय ऱ्हायलं असंल तर सांग गो, पुरं करतो."

मला राहवलं नाही. मी मागून ओरडले, "मी सांगते! म्हण, तात्यांचं पान दर वर्षी तुझ्या नावानं ठेवीन. म्हण ना!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, भटजींकडे पाहिलं... आणि जोडलेले हात सोडले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून दिला. गणपतनं तो पिंडाला टेकवला, हात झटकले आणि पोलादपूरची गाडी चुकेल म्हणून भराभरा चालू लागला.